हात कोणाच्या हातात, नोंद कोणाच्या नावावर

अजमेरच्या दर्ग्यासाठी १९५५ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला. त्याच्या अकराव्या कलमात दर्गा कमिटीने काय काय करायचं ते लिहिलं आहे. इमारती राखायच्या, पैसा जमा करायचा, नोकर नेमायचे, अशी ती यादी आहे. त्याच यादीत आणखी एक काम आहे. दर्ग्याच्या बाबतीत सज्जादानशीनांना, म्हणजे संताच्या गादीवर बसणाऱ्याला, कोणती कामं आणि कोणते अधिकार असावेत, ‘असलेच तर’, हे कमिटीने ठरवावं. या ‘असलेच तर’वर मी दर वेळी अडखळतो. ख्वाजा मोईनुद्दीन चिश्ती गेले १२३६ साली. त्यांच्या सज्जाद्यावर बसणाऱ्याला काही अधिकार आहे की नाही, हे आता केंद्र सरकारने नेमलेल्या पाच ते नऊ जणांनी सांगायचं.

तेरावं कलम त्याहून बोलकं आहे. गादी रिकामी झाली की कमिटीने नोटीस काढायची आणि दावेदारांचे अर्ज मागवायचे. दावेदार एकच असेल आणि कमिटीची खात्री पटली, तर सरकारच्या संमतीने त्याला मान्यता द्यायची. एकाहून जास्त अर्ज आले तर वाद न्यायालयाकडे पाठवायचा. फाळणीनंतर तेव्हाचे दिवाण, म्हणजे सज्जादानशीन, पाकिस्तानात गेले आणि वारसाचा वाद उभा राहिला. तो सुप्रीम कोर्टात मिटायला १९८७ उजाडलं.

सूफी पंथ आधुनिक काळात कसा बदलला, यावर बोलताना बहुतेक जण कव्वाली, सिनेमा, नाहीतर वहाबी विरोध यांच्याबद्दल बोलतात. मला यातला सगळ्यात खोल बदल या दोन कलमांत दिसतो. पूर्वी विचारत, ‘तुम्ही कोणाच्या हातात हात दिला?’ आता विचारतात, ‘नोंद कोणाच्या नावावर आहे?’

आधी हाताचं बघू. मुरीद म्हणजे शिष्य पीराच्या म्हणजे गुरूच्या हातात हात देतो, तौबा करतो, सिलसिल्यात, म्हणजे गुरुपरंपरेत, येतो. ही बैअत. मग त्याला शजरा मिळतो. त्यात पीर, पीराचे पीर, त्यांचे पीर अशी नावं ओळीने मागे मागे जातात. चिश्तींच्या शजऱ्यात ती हजरत अलींपर्यंत आणि तिथून पैगंबरांपर्यंत पोचतात. अनेक घरांत हा कागद रोज नमाजानंतर वाचतात. बैअत म्हणजे स्वतः इतरांना मुरीद करण्याची परवानगी नव्हे, त्यासाठी खिलाफत लागते. पीराने शिष्याची तयारी पाहून, बहुधा इजाजतनामा लिहून देऊन, कधी आपला खिरका, म्हणजे झगा, पांघरून ती द्यायची. इथे रक्ताचं नातं लागत नाही. चिश्ती संत बाबा फरीद १२६५च्या सुमारास गेले. त्यांची आध्यात्मिक थोरवी पुढे नेली दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांनी, आणि ते त्यांचे पुत्र नव्हते. पाकपट्टणच्या दर्ग्याची गादी मात्र पुत्र बद्रुद्दीन सुलेमान यांच्याकडे गेली. त्याच पिढीत दोन वाटा फुटल्या. एक शिष्याची, एक वारसाची. पुढचा सगळा गुंता या फाट्यावर सुरू होतो.

आपल्याकडचं खुलताबाद घ्या. चिश्ती संत बुऱ्हाणुद्दीन गरीब १३३७ साली गेले, त्यांच्या मागे जैनुद्दीन शिराजी. जैनुद्दीन १३६९ साली गेले आणि त्यांनी कोणालाच खलिफा, म्हणजे खिलाफत दिलेला उत्तराधिकारी, नेमलं नाही. लोक त्यांना बाईस ख्वाजा म्हणतात. म्हणजे शजऱ्यातले बाविसावे, आणि तिथे यादी संपते. दर्गा मात्र संपला नाही. सिलसिला थांबला तरी दिवा लावणारा, कबरीवरचा गिलाफ बदलणारा, उरूस भरवणारा लागतोच, आणि त्याच्या पोटापाण्याला जमीन लागते. शिष्य नसलेल्या दर्ग्यातही सेवेकरी असतो, आणि सेवेकरी म्हटला की हक्काचा प्रश्न येतो.

दर्ग्याच्या वादात पडायचं असेल तर आधी माणसं वेगळी ओळखायला हवीत. खादिम किंवा मुजावर हा सेवा करणारा. मजारीजवळ, म्हणजे कबरीजवळ, तोच असतो, झियारत, म्हणजे दर्शन, तोच करवतो. सज्जादा म्हणजे नमाजाची चटई. तिच्यावर बसणारा तो सज्जादानशीन, बहुधा वंशज, उरुसाच्या विधींत पहिला मान त्याचा. मुतवल्ली बघतो जमीन, भाडं, हिशेब, दुरुस्ती. आणि पीर म्हणजे ज्याच्याकडे खिलाफत आहे तो, मग तो कुठेही बसलेला असो. लहान गावात हे चौघे एकाच माणसात असू शकतात, आणि नेमकी तिथेच गडबड होते. माणूस एक असला तरी हक्क चार आहेत, आणि प्रत्येकाचा पुरावा निराळा. मुजावराच्या मुलाला मुजावरकी मिळते, म्हणून तो मुतवल्ली होत नाही. मुतवल्ली म्हणून नोंद झाली, म्हणून त्याला बैअत घेण्याची इजाजत मिळत नाही.

सत्तेचा हात दर्ग्यात पूर्वीही होता. अकबराने १५७०च्या सुमारास अजमेरच्या व्यवस्थेतून शेख हुसेन यांना काढलं आणि दरबारातून मुतवल्ली नेमला. पुढे मुघल गेले, अजमेर कधी राठोडांकडे तर कधी शिंद्यांकडे आलं आणि १८१८ साली इंग्रजांकडे गेलं. राज्यकर्ता बदलला की व्यवस्थापक बदलणं हे चालतच होतं. मात्र सज्जादानशीन म्हणजे नेमकं कोण, हे कोणी कागदावर बांधलं नव्हतं. ते काम केलं इंग्रजी कोर्टांनी.

कोर्टाला वाद सोडवायचा तर पदाला नाव लागतं. मालक म्हणावं तर दर्गा विकता यायला हवा, तो विकता येत नाही. विश्वस्त म्हणावं तर इंग्रजी ट्रस्टमध्ये मालमत्ता विश्वस्ताच्या नावे होते. वक्फमध्ये, म्हणजे धर्मकार्यासाठी कायमच्या दिलेल्या मालमत्तेत, ती अल्लाहच्या मालकीची मानतात. १८९१ साली कलकत्ता हायकोर्टात न्या. अमीर अली यांनी सज्जादानशीन आणि मुतवल्ली यांच्यातली रेघ ओढली. पहिला धार्मिक गुरू आणि दर्ग्याचा सांभाळ करणारा, दुसऱ्याचं काम ऐहिक. या रेघेतून पुढे एक लक्षात ठेवण्यासारखा निष्कर्ष निघाला. बाई मुतवल्ली होऊ शकते, सज्जादानशीन होऊ शकत नाही. १९२१ साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिलाच्या कोर्टाने, सांगितलं की मुतवल्ली, सज्जादानशीन आणि महंत हे इंग्रजी अर्थाने विश्वस्त नाहीत, व्यवस्थापक आहेत. तो निकालही अमीर अलींनीच दिला. तिथून प्रत्येक दर्ग्याच्या भांडणात पहिला मुद्दा ‘हे पद कोणत्या प्रकारचं?’ हा झाला. वकील चांगला असेल त्याच्या बाजूने पद झुकायचं.

स्वतंत्र भारतातला सगळ्यात महत्त्वाचा निकाल लिहिला साताऱ्यात जन्मलेल्या न्यायमूर्तींनी. १९६१ साली अजमेरच्या खादिमांनी १९५५च्या कायद्याला दिलेलं आव्हान सुप्रीम कोर्टात आलं. राजस्थान हायकोर्टात ते बऱ्याच अंशी जिंकले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. हा दर्गा चिश्ती परंपरेचा आहे, आणि सरकार हनफी (एका सुन्नी कायदेपंथाच्या) मुसलमानांची कमिटी नेमून तो ताब्यात घेतंय. राज्यघटनेच्या २६व्या अनुच्छेदाने धार्मिक संप्रदायाला स्वतःची व्यवस्था बघण्याचा हक्क दिला आहे, त्याचं काय? न्या. पी. बी. गजेंद्रगडकर यांनी इतिहास तपासला. इथे मुतवल्ली शतकानुशतकं राज्यकर्त्यांनीच नेमला, असं त्यांना दिसलं. संप्रदायाकडे व्यवस्थेचा हक्क कधी नव्हताच, मग हिरावला कसा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कायदा टिकला.

जाता जाता त्यांनी एक गोष्ट लिहिली आणि तिने पुढची साठ वर्षं गाजवली. धार्मिक भासणाऱ्या काही प्रथा निव्वळ अंधश्रद्धेतून आलेल्या असू शकतात. अशा बाहेरून चिकटलेल्या प्रथांना संरक्षण मिळणार नाही, धर्माच्या आवश्यक अंगालाच मिळेल. आवश्यक काय आणि चिकटलेलं काय, हे निवडण्याचं काम अशा रीतीने कोर्टाकडे गेलं. सूफी परंपरेत हे काम पीराचं होतं. मुरीदाने कोणता वजीफा, म्हणजे नेमाचा जप, चालू ठेवायचा, कोणता सोडायचा, हे पीर त्याची अवस्था बघून सांगत असे. गजेंद्रगडकरांचा हेतू उदार होता याबद्दल मला शंका नाही. तरीही हे वाक्य फार मोठी सत्ता हलवून गेलं, आणि त्या वेळी ते कोणाच्या लक्षात आलं नसावं असं वाटतं.

त्याच निकालात नजराण्याचा प्रश्नही होता, आणि तो अगदी हातातल्या नोटेपर्यंत येतो. कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे दर्ग्यासाठी दिलेला नजराणा फक्त नाजिम, म्हणजे सरकारने नेमलेला व्यवस्थापक, किंवा त्याने अधिकार दिलेला माणूस घेऊ शकतो. खादिम म्हणाले, आमचं पोट त्यावर आहे. कोर्टाने फरक केला. दर्ग्यासाठी दिलेलं दर्ग्याचं, खादिमाला म्हणून दिलेलं खादिमाचं. म्हणजे एकाच शंभराच्या नोटेचा मालक देणाऱ्याच्या मनातल्या शब्दावर ठरतो. जायरीन, म्हणजे दर्शनाला आलेला माणूस, मजारीपाशी उभा असतो, डोक्यावर चादरीची टोपली, मागून रेटा. तो शब्द कोण उच्चारणार? म्हणून भांडण संपत नाही. अजमेरला जाणाऱ्याने इतकंच करावं. दर्ग्याच्या देखभालीला पैसा द्यायचा असेल तर कमिटीच्या पेटीत टाकावा किंवा पावती घ्यावी. खादिमाला द्यायचा असेल तर तो त्याचा नजराणा आहे हे समजून द्यावा. डेगेचं, म्हणजे अन्न शिजवायच्या प्रचंड कढईचं, तसंच. मोठी डेग अकबराची, धाकटी जहांगीरची. मोठीत १२० मण, म्हणजे सुमारे ४,८०० किलो मावतं, धाकटीत त्याच्या निम्मं, अशी पूर्वापार मोजणी आहे. तांदूळ, साखर, तूप, सुका मेवा, केशर घालून गोड भात शिजतो. मांस नसतं, त्यामुळे तबर्रुक, म्हणजे प्रसाद, कोणीही खाऊ शकतो. डेगेत टाकलेला पैसा मात्र खादिमांच्या वाट्याचा असतो, कमिटीचा नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं.

कोर्टकचेरीच्या बाहेर दुसरा बदल छापखान्याने आणि टपालाने केला. देवबंदच्या मदरशाचे मोठे उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सूफीच होते, हे आज मुद्दाम सांगावं लागतं. हाजी इमदादुल्लाह १८५७नंतर मक्केला राहिले आणि तिथून हिंदुस्थानातल्या आलिमांचे (धर्मपंडितांचे) पीर झाले. त्यांचे खलिफा अशरफ अली थानवी थाना भवनला बसून पत्रांतून मुरीदांना वळण लावत. दर्ग्याची गादी लागत नव्हती, मदरशाची सनद आणि खिलाफत एकाच माणसाकडे असली की पुरे. बरेलीचे अहमद रजा खान दर्गा परंपरेचे खंदे पाठीराखे, कादरी सिलसिल्याचे. तरीही कबरीला सजदा, म्हणजे माथा टेकणं, हराम, आणि स्त्रियांनी कबरींवर जाऊ नये, ही मतं त्यांनी ग्रंथांच्या आधारे मांडली. दर्ग्यात काय चालावं हे दर्ग्यातला मुजावर नव्हे, फतवा लिहिणारा आलिम सांगू लागला. हे विरोधकांकडून आलं असतं तर समजणं सोपं होतं, पण समर्थकांकडूनही तेच आलं. तुर्कस्तानने १९२५ साली कायद्याने तेक्के, म्हणजे सूफी मठ, बंद केले, पाकिस्तानने १९५९च्या अध्यादेशाने दर्गे औकाफ (वक्फांच्या) खात्याकडे घेतले. आपल्याकडे असा एक घाव पडला नाही. कागद हळूहळू साचत गेले.

महाराष्ट्रात हे कागद वेगवेगळ्या रंगांचे आहेत, कारण राज्यच वेगवेगळ्या कारभारांतून आलं. त्यातले दोन बघू. मराठवाड्यात दर्ग्याची जमीन शोधायची तर सुरुवात मुंतखबापासून करावी. निजामी काळातल्या अतियात, म्हणजे इनामांच्या, चौकशीनंतर दिलेला हा दाखला. त्यात इनाम कोणाला, किती, आणि कशासाठी हे असतं. ‘कशासाठी’ हा शब्द नीट वाचायचा. मदतमाश असेल तर ती व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश किंवा मशरूत-उल-खिदमत असेल तर जमीन सेवेच्या अटीवर आहे. दिवा, झाडलोट, उरूस चालू आहे तोवर उपभोग, विकण्याचा हक्क नाही. १९५४च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्यातून धार्मिक संस्थांची इनामं वगळली होती, म्हणून ती टिकली. टिकली म्हणजे कागदावर. सातबाऱ्यावर दर्ग्याचं नाव आणि त्याखाली मुजावराचं नाव वहिवाटदार म्हणून, अशी सुरुवात असते. मुजावर वारतो, तलाठ्याकडे वारस फेरफार होतो, मुलांची नावं चढतात. पुढच्या पिढीत वाटणीचा फेरफार होतो. तिसऱ्या पिढीत दर्ग्याचं नाव इतर हक्कांत जातं, नाहीतर पुनर्लेखनात गळतं. मग खरेदीखत. यात प्रत्येक वेळी कोणी लबाडी केलेली असतेच असं नाही. सेवेचा वारसा आणि मालकीचा वारसा यांतला फरक फेरफाराच्या नमुन्यात दिसत नाही, हे खरं कारण. म्हणून आजचा सातबारा बघून थांबू नका. मागचे सगळे फेरफार काढा, खासरा पत्रक काढा, आणि मुंतखबाशी गट आणि सर्व्हे नंबर जुळवा.

पश्चिम महाराष्ट्र, मुंबई, कोकण इथे वाट निराळी. तिथे १९५०चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला आणि दर्गे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदले गेले. नोंदणी क्रमांकाआधी ‘बी’ असेल तर तो मुस्लिम न्यास. परिशिष्ट एकचा, म्हणजे न्यासाच्या नोंदीचा, उतारा घ्या. त्यात एक रकाना आहे, विश्वस्तपद पुढे कसं जाणार याचा. पन्नासच्या दशकात कोणीतरी त्यात ‘वंशपरंपरेने’ लिहिलं, कोणी ‘जमातीने निवडून’ लिहिलं. तो एक शब्द आज दर्गा कोणाच्या हाती आहे ते ठरवतो. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, नव्वद दिवसांत. तो दिला जात नाही, मृत विश्वस्तांची नावं वीस वर्षं तशीच राहतात, आणि वाद आला की कोर्टात जायला अधिकृत माणूसच उरत नाही. मग २००२ साली राज्याचं वक्फ बोर्ड आलं आणि एकाच दर्ग्यावर दोन दफ्तरं हक्क सांगू लागली. मुसलमानाने केलेला प्रत्येक धर्मादाय ट्रस्ट वक्फ असतोच असं नाही, हे २०२२ साली सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं. वक्फ कायद्याच्या २०२५च्या दुरुस्तीनंतर तपशील उमीद या सरकारी पोर्टलवर चढवायचा आहे. मुतवल्ली भरतो, बोर्डाचा अधिकारी तपासतो, सरकारी अधिकारी मंजूर करतो. वापराने वक्फ ही कल्पनाही नव्या प्रकरणांसाठी गेली. जुन्या दर्ग्यांकडे वक्फनामा क्वचितच असतो, पिढ्यान्‌पिढ्यांचा वापर हाच त्यांचा पुरावा. जे आधी नोंदले गेले ते वाचले. रस्त्याकडेच्या पीराच्या लहान ठाण्याचं काय होणार, याची मला फार काळजी वाटते.

हिशेबाची वही किती जड असते हे हाजी मलंगच्या खटल्यातून कळतं. कल्याणजवळच्या मलंगगडावरच्या या दर्ग्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या केतकर या ब्राह्मण घराण्याकडे राहिली. १९६८ साली सुप्रीम कोर्टापुढे प्रश्न एका जमिनीचा होता. दर्ग्याची की वहिवाटदारांची? उत्पन्नाच्या वह्या वहिवाटदारांकडे होत्या, त्या त्यांनी हजर केल्या नाहीत. सिद्ध करण्याचा भार आमच्यावर नव्हता, असा बचाव होता. कोर्टाने तो मानला नाही. उत्तम पुरावा ज्याच्या हातात आहे त्याने तो दडवला, तर तो त्याच्या विरुद्ध जाईल असं धरता येतं. जमीन दर्ग्याची ठरली. हा निकाल आज देशभरच्या दिवाणी कोर्टांत साध्या भाऊबंदकीच्या खटल्यांतही वाचून दाखवतात, आणि वाचणाऱ्याला तो एका पीराच्या डोंगरावरून आलाय हे बहुधा माहीत नसतं. दर्ग्याची वही जपा, फाटकी असली तरी.

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात हे सगळे धागे एकत्र आले. २०११–१२पर्यंत बायका मजारीपर्यंत जात होत्या. मग ट्रस्टने अडथळा उभा केला. कारणं कपड्यांची, सुरक्षिततेची आणि शरीयतची दिली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण मुंबई हायकोर्टात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ला न्या. व्ही. एम. कानडे आणि न्या. रेवती मोहिते डेरे यांनी बंदी रद्द केली. बंदी हे इस्लामचं आवश्यक अंग आहे, हे ट्रस्टला दाखवता आलं नाही. कसोटी तीच होती, १९६१ची, अजमेरची. ट्रस्टने कुराणातल्या आयती आणि हदीस दिल्या, अर्जदारांनीही दिल्या, न्यायमूर्तींनी दोन्ही वाचल्या. ट्रस्ट, अर्जदार आणि सरकार असे पक्षकार होते. सिलसिल्याच्या वतीने बोलणारं कोणी नव्हतं, आणि त्याची उणीव कोणाला भासलीही नाही. निकाल न्याय्य होता असं मी ठामपणे मानतो. तो आपल्यातल्याच एखाद्या बुजुर्गाने आधी दिला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

ट्रस्ट सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथे ऑक्टोबरमध्ये त्याने प्रवेश मान्य केला. २९ नोव्हेंबर २०१६ला बायका आत गेल्या. व्यवस्था मात्र बदलली होती. आता पुरुष आणि बाया दोघंही मजारीपासून सारख्याच अंतरावर उभे राहतात.